अडकित्त्यांसाठी स्थळ

पहिला धक्का त्यांनी मला लिफ्टमध्ये दिला. डब्लिनच्या सँट्री भागातल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट म्हणजे काड्यापेटी. त्यात मी, माझ्या दोन्ही हातांत आठवड्याच्या भाजीच्या पिशव्या, आणि समोर एक ठेंगण्या बाई. अंगात नऊवारी, वर मुलाचं फुगीर जाकीट, पायात त्याचेच जुने स्पोर्ट्‌स शूज. त्यांनी मला कपाळापासून चपलांपर्यंत नीट पाहून घेतलं.

"मराठी हाईस न्हवं?"

"हो."

"लगीन?"

असला प्रश्न लिफ्टमध्ये विचारतात का हो? पण मी इतकी गडबडले की खरं उत्तर देऊन बसले. "झालं होतं. मोडलं."

"कुनी जमवलं हुतं?"

"आमचं आम्हीच."

"मग बरं," त्या म्हणाल्या. "आमच्या लायनीला बट्टा न्हाई."

आणि दार उघडल्यावर निघून गेल्या. मी तशीच आ वासून उभी. दार बंद झालं आणि लिफ्ट मला परत तळमजल्यावर घेऊन आली, तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तर या बाई म्हणजे माझ्या अगदी डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मित्राची आई. तो औषधांच्या कारखान्यात इंजिनियर, त्याची बायको सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर, दोघंही घरात सापडतील तर शपथ. आई कऱ्हाडहून उन्हाळ्यापुरती आली होती. बिल्डिंगमधली सगळी मराठी मंडळी त्यांना मावशी म्हणायची आणि सगळीच त्यांना थोडी घाबरायची. कारण मावशींचा धंदा लग्नं जुळवण्याचा. ऑफिस नाही, पाटी नाही, वेबसाइट नाही. एक फोन, दोन पाय आणि भयंकर स्मरणशक्ती. कुणाच्या आजोबांना दमा होता आणि कुणाच्या आत्याने माहेरी येऊन काय रामायण केलं, ते सगळं तोंडपाठ.

या कामाचे मावशी पैसे घेत नसत. घेत काय, तर अडकित्ता. लग्न ठरलं, सुपारी फुटली, की मुलाकडच्यांनी घरातला जुना अडकित्ता मावशींना द्यायचा, हा त्यांचा रिवाज. सुरुवातीला लोकांना ते जड जायचं म्हणे. पुढे घरोघरी सुपारी खायचीच बंद झाली आणि लोक आनंदाने द्यायला लागले. मोराचे, पोपटाचे, घोड्याचे, एक तर नवरा-बायको एकमेकांच्या गळ्यात हात घालून उभे असलेला. सगळे पितळी, आणि प्रत्येकाला एकेक संसार चिकटलेला. "ह्यो मोर म्हंजी इस्लामपूरचं पाटील," असं त्या सांगायच्या. "दोन पोरं, एक नातू, आनि बायकू अजून नवऱ्याशी भांडतीया. झ्याक चाललंय."

हे सगळं मला कळलं ते माझ्या स्वयंपाकघरात. मावशींना वरच्या मजल्यावर दिवसभर करमायचं नाही, आणि मी घरून काम करते हे त्यांनी हेरलं होतं. माझी मीटिंग चालू असताना त्या खुशाल आत यायच्या, माझी प्रेस उघडायच्या (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता माझ्याही तोंडात तेच बसलंय) आणि डबे हुंगून बघायच्या. "ह्यात किडं झाल्यात," हे वाक्य त्यांनी माझ्या अमेरिकन मॅनेजरच्या देखत, कॅमेऱ्यासमोर म्हटलेलं आहे. मी कपाळाला हात लावला. मॅनेजर म्हणाला, युअर मदर सीम्स लव्हली.

एके दिवशी अशाच आल्या, पण डबा उघडला नाही. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या इंजनेरानं कऱ्हाडचं घर काढलंय इकायला."

मी लॅपटॉप मिटला. त्या मात्र रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तशा सांगत होत्या. या देशात म्हाताऱ्या आईबापांना कायमचं राहू देत नाहीत. तीन महिने झाले की परत. तिकडे आई एकटी, पायऱ्यांवरून पडली तर कोण बघणार? म्हणून मुलाने पुण्याला, म्हाताऱ्यांसाठीच बांधलेल्या एका सोसायटीत, त्यांच्यासाठी एक खोली बघितली होती. नर्स आहे, लिफ्ट आहे, जेवण वेळेवर. दिवाळी झाली की कऱ्हाडचं घर द्यायचं आणि आईने तिकडे जायचं.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हननार? चांगलंच बगितलंय त्यानं. पर एका खोलीत अडकित्तं कुटं ठिवू? त्यो म्हनला, आई, पितळंच हाय, वजनावर जाईल."

माझा मित्र वाईट नाही हो. रात्रपाळी करून आईसाठी सकाळी पोहे करणारा मुलगा आहे. पण हे बोलला होता खरा.

"म्हनून मी त्यास्नी स्थळ बगाय निघालेय," मावशी म्हणाल्या. "हालंडात."

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. पण नाही. त्यांनी जमवलेल्या लग्नातली एक मुलगी तिकडे नवऱ्याबरोबर राहते, तिने मावशींना फोनवर सांगितलं होतं की हॉलंडात पावलापावलावर म्युझियम. राजवाड्याएवढी मोठी, तशी बैठकीच्या खोलीएवढी छोटीही. नुसत्या घड्याळांचं एक, नुसत्या बरण्यांचं एक, नुसत्या इस्त्र्यांचं एक. एका जिनसाला एक घर! हे ऐकल्यापासून मावशींना झोप नव्हती. आयर्लंडचा व्हिसा काढायला मुंबईला गेल्या, तेव्हाच मुलाला "ट्यूलिपं बगायची हाईत" असं सांगून हॉलंडचाही व्हिसा काढून घेतला होता. म्हणजे घर विकायचं मुलाने ठरवलं, त्याच्याआधीच यांना कुणकुण लागलेली होती. ट्यूलिपं कसली न् काय!

त्या दिवसापासून माझं स्वयंपाकघर म्हणजे विवाह मंडळ झालं. मावशी सांगणार, मी डच म्युझियमांना मेल लिहिणार. आणि सांगायच्या कशा? "लिव्ह. मुलगी पितळी, वर्ण पिवळा, वय शंभरीच्या आसपास. बांधा मजबूत. धार शाबूत. अंगात कसलंबी व्यंग न्हाई."

"मावशी, असं नाही लिहीत."

"मंग कसं लिवत्यात? न सांगता द्यायची का?"

मी आपली सभ्य इंग्रजी करून पाठवत होते, पण "धार शाबूत" त्यांनी काढू दिलं नाही. मोठ्या म्युझियमांची उत्तरं आठवड्याभरात आली. सगळी गोड. आपण आमची आठवण ठेवलीत याबद्दल आभार, वस्तू अत्यंत सुरेख आहेत, परंतु आमच्या संग्रहाच्या धोरणात बसत नाहीत. मी वाचून दाखवलं तर मावशी खदखदून हसल्या. "पत्रिका जुळत न्हाई म्हनाले. गोड बोलून न्हाई म्हनायची रीत सगळीकडं सारकीच."

तरी म्हणाल्या, मोठी घरंही जाऊन बघायची. न बघता नाकारायचं नाही, हा त्यांचा नियम. असे नियम त्यांच्याकडे ढीगभर. स्थळ बघायला जाताना शक्यतो न कळवता जायचं. पाऊस असेल त्या दिवशी जायचं, म्हणजे छप्पर कळतं. आधी मोरी बघायची, मग बैठक. यजमान काय बोलतो ते ऐकायचं नाही, नोकर काय तोंड करतो ते बघायचं. आणि शेजाऱ्यांकडे पाणी मागायचं. पाणी देताना शेजारी जे बोलतो ते खरं. या नियमांनी त्यांनी हॉलंडच्या नकाशावरची अर्धी म्युझियमं घरबसल्या बाद केली. हॉलंडातली ती मुलगी बिचारी नोकरी सांभाळून गुपचूप एकेक म्युझियम बघून यायची आणि फोनवर अहवाल द्यायची. "मावशी, मोरी स्वच्छ आहे, पण माणसं हसत नाहीत." बाद! एक जहाजातलं म्युझियम तिला फार आवडलं होतं. मावशी म्हणाल्या, "डुलतंय न्हवं? बाद."

आणि तो देश समुद्राच्या पातळीखाली आहे, हे मी त्यांना सहज बोलून गेले त्या दिवशी तर काही विचारू नका. त्यांचा चहा तसाच राहिला. "समुद्राच्या खाली? आनि तिथं आपली पोर द्यायची?" मग मला बांध, पंप, कालवे असं सगळं समजावून सांगावं लागलं. शेवटी "जागा उंचावरची हाय का" हा प्रश्न प्रत्येक मेलमध्ये घातला गेला. एका म्युझियमने प्रामाणिकपणे लिहिलं, नाही, आम्ही समुद्राच्या बरेच खाली आहोत. त्यांचा खरेपणा मावशींना आवडला, पण स्थळ नाकारलं.

हात बसावा म्हणून आधी इथलं एक बघू, असं म्हणून एका पावसाळी मंगळवारी त्यांनी मला डब्लिनच्या म्युझियममध्ये नेलं. मी त्यांना सोन्याचे दागिने दाखवायला म्हणून नेत होते, पण वाटेत लागली ती दलदलीत सापडलेली माणसं. हजारो वर्षांपूर्वीची, कातडी, केस, बोटांची नखंसुद्धा तशीच. काचेच्या आत, मंद दिव्यात. मावशींनी एक नजर टाकली आणि मोठ्यांदा ओरडल्या, "बया बया बया! ह्यो तर मानूस हाय!"

सगळं दालन वळून बघायला लागलं. गार्ड धावत आला. लालबुंद, सज्जन, कुणाच्यातरी आजोबांसारखा. मावशींनी त्याचा दंडच धरला. "इचार त्याला. ह्याला जाळलं का न्हाई? पुरलं का न्हाई? ह्याचं कुनी न्हाई का?"

मी जमेल तसं विचारलं. गार्ड म्हणाला, "आह, शुअर ही'ज ग्रँड देअर, लव्ह. वॉर्म अँड ड्राय." (इथे ग्रँड म्हणजे मजेत.) आणि मग जरा लाजून म्हणाला की मी रोज संध्याकाळी दिवे घालवताना त्यांना गुडनाइट म्हणतो.

हे सांगितल्यावर मावशींनी त्याचा दंड सोडला. "मानूस चांगला हाय," म्हणाल्या. "पर ह्यो रिटायर झाल्यावर?"

त्या दिवशी सोनं आम्ही बघितलंच नाही.

निघायचा दिवस उजाडला. मावशींनी कऱ्हाडहून आणलेले तीन अडकित्ते दाखवायला म्हणून घ्यायचं ठरलं होतं आणि मी स्वतःच्या हाताने ते मोठ्या बॅगेत, सामानात टाकायच्या बॅगेत, भरले होते. विमानतळावर सिक्युरिटीच्या यंत्रातून मावशींची हातातली पिशवी गेली आणि पट्टा थांबला. जोडप्याचा अडकित्ता मावशींनी हळूच काढून पिशवीत घेतला होता. का? तर "नवरीला कुनी पोत्यात घालून न्हेतं का?"

सिक्युरिटीवाला तो अडकित्ता उलटासुलटा करून बघतोय, उघडतोय, मिटतोय. "व्हॉट'स द स्टोरी विथ धिस, लेडीज?" मी सुपारी म्हणजे काय, लग्न म्हणजे काय, सगळं एका दमात सांगायला लागले. मावशींनी मधेच कनवटीची सुपारी काढली आणि प्रात्यक्षिक करून दाखवायला हात पुढे केला. विमानतळावर, सिक्युरिटीत, पात्याला हात! मला वाटलं, आता दोघींना आत घालतात. पण तो माणूस एक पाऊल मागे सरकला, मग हसायला लागला आणि म्हणाला, तुम्ही दोघी ग्रँड आहात, पण ही वस्तू इथून पुढे जाणार नाही. आम्ही धावत काउंटरवर परत, पिशवी सामानात टाकली, विमान कसंबसं गाठलं. मी अजून धापा टाकत पट्टा शोधत होते. मावशी खिडकीला नाक लावून ढग बघत होत्या.

ॲमस्टरडॅमचं ते सगळ्यात मोठं म्युझियम मावशींनी मोरीपासून सुरू केलं. मोरीला पैकीच्या पैकी मार्क. मग एका प्रचंड चित्रासमोर आम्ही आलो. समोर दोनशे फोन वर. मावशींनी चित्राकडे पाठ केली आणि गर्दीचे चेहरे बघत बसल्या. मग आम्हाला न्यायला आलेल्या त्या लग्न जमवलेल्या मुलीला म्हणाल्या, "इचार. सगळं ह्येच हाय का आत आनि हाय?"

तिने डचमध्ये तिथल्या एका बाईला विचारलं. ती अभिमानाने सांगायला लागली, इथे दिसतंय ते काहीच नाही, बहुतेक वस्तू शहराबाहेरच्या गोदामात असतात. तापमान मोजून, अंधारात. काही तर कधीच बाहेर काढत नाहीत.

मावशींचा चेहरा पडला. "मोठं घर, पोकळ वासा," म्हणाल्या. "सून आनायची आनि माडीवर कोंडून ठिवायची. चला."

तिकिटाचे पैसे वसूल होईपर्यंत तरी बघू, अशी माझी फार इच्छा होती. पण मावशी एव्हाना दाराशी.

आता उरलं ते एक छोटं म्युझियम. मेलमध्ये एवढंच उत्तर आलेलं होतं की या, कॉफी आहे. मावशी तेव्हाच म्हणाल्या होत्या, "ह्ये घर. आधी चा-पान्याचं बोलले." उत्तरेकडच्या एका खेड्यात, कालव्याच्या काठी, विटांचं बुटकं घर. दारावर चिठ्ठी, शेजारी बेल वाजवा. शेजाऱ्याकडे मावशींनी नियमाप्रमाणे पाणी मागितलं. शेजारी पाणी देता देता म्हणाला, फार चांगली बाई आहे, पण हल्ली दिवसेंदिवस कुणी येत नाही. मग काठी टेकत मालकीणबाई आल्या. उंच, हाडकुळ्या, लाल स्वेटर, ऐंशीच्या आसपास. आत एक लांब खोली आणि जमिनीपासून छतापर्यंत कॉफी दळायच्या गिरण्या. लाकडी, लोखंडी, पितळी, भिंतीवर टांगायच्या, मांडीत धरायच्या. बाईंच्या नवऱ्याने जन्मभर जमवलेल्या. नवरा वारला होता, त्या रोज पुसत होत्या.

मावशींनी एका फळीच्या कोपऱ्यातून बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. धूळ नाही.

"ही तर दळायची जातीच की गं," त्या म्हणाल्या. बाईंनी एक गिरणी मावशींच्या हातात दिली, वर मूठभर बिया टाकल्या. मावशी जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि दळायला लागल्या. ती बाई काठी बाजूला ठेवून खुर्चीतून त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग सावकाश, हात टेकत टेकत, तीही खाली बसली. मावशींनी जोडप्याचा अडकित्ता काढला, सुपारी कातरली आणि तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती तोंडात टाकली. मला वाटलं, थुंकेल. ती विचार करत चावत राहिली आणि म्हणाली, लाकूड आहे, पण चांगलं लाकूड आहे.

कॉफी झाली, अडकित्ते बघून झाले. बाईंनी प्रत्येक उघडून, मिटून, पात्यावर अंगठा फिरवून पाहिला. मी तर मनातल्या मनात अक्षता टाकायला तयार झाले होते. तेवढ्यात मावशींनी शेवटचा प्रश्न काढला.

"इचार तिला. तुमच्या माघारी ह्यांचं कोन?"

"मावशी, हे नका विचारू."

"लगीन ठरवताना आडून इचारलं तर पोर बुडती. इचार."

मी विचारलं. शरमेने मान खाली घालून विचारलं. ती बाई जरा हसली. म्हणाली, कुणी नाही. मुलगा रॉटरडॅमला असतो, तो चांगला आहे. त्याने घराला गिऱ्हाईक बघितलंय. उन्हाळा संपला की जायचं. माझ्यासाठी शहरात एक खोली घेतलीय, तिथे नर्सही आहे.

मी मराठीत सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. कसं सांगायचं? पण सांगावं तर लागणारच होतं. एकेक शब्द सांगितला. खोली, नर्स, गिऱ्हाईक.

स्थळ पसंत नसलं की मावशी पदर झटकून ताडकन उठतात, हे मला ठाऊक होतं. मी पर्स उचलली. तर मावशींनी रिकामा कप पुढे केला आणि त्या बाईला म्हणाल्या, "आनि अर्धा."

मग आमची गरज संपली. मला आणि त्या मुलीला त्यांनी "जावा, तुमी समुद्र बगून या" म्हणून घालवलं. आम्ही बांधावर वारा खात उभ्या राहिलो. परत आलो तर दोघी तशाच जमिनीवर, एक कऱ्हाडचं बोलतेय, एक डच बोलतेय, आणि दोघींच्या मध्ये सुपारीचा चुरा. मला वाटलं, दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींपाशी रडून घेतलं असेल. छे! डोळे कोरडे ठणठणीत होते.

तिन्ही अडकित्ते घेऊन आम्ही परत आलो, वर मावशींच्या मांडीवर त्या बाईंनी दिलेली एक पितळी गिरणी. मुलगा डब्लिनच्या विमानतळावर घ्यायला आलेला. "आई, हे काय?"

"मुलगी द्याय गेले हुते," मावशी म्हणाल्या, "सून घिऊन आले."

तो बिचारा हसला. मीही हसले. दमलेल्या माणसाचं हसू. स्थळ काही मिळालं नाही, हेच माझ्या मनात होतं, आणि गाडीत सगळ्या वाटेत मला ते खुपत होतं.

उरलेल्या दिवसांत मावशींनी स्थळांचा विषय काढला नाही. फक्त एकदा फोन घेऊन माझ्याकडे आल्या आणि मराठीत बोललं की दुसऱ्या भाषेत ऐकू येतं ते ॲप टाकून घेतलं. नातवाशी बोलायला असेल, असं मला वाटलं. त्यांचा नातू सगळं मराठी समजतो आणि उत्तर इथल्या सुरातल्या इंग्रजीत देतो. रोज दुपारी छतातून मावशींचा आवाज यायचा, मोठ्यांदा, सावकाश, एकेक शब्द तोडून. मी म्हणायची, आजी नातवाची चांगली हजेरी घेतेय. नातू त्या वेळी समर कॅम्पला असायचा, एवढं साधं माझ्या डोक्यात येऊ नये!

तीन महिने भरले, मावशी कऱ्हाडला परत गेल्या. बिल्डिंग एकदम ओस पडली. लिफ्टमध्ये कुणी काही विचारेना, माझे डबे कुणी हुंगेना. मला इतकं चुकल्याचुकल्यासारखं होईल असं वाटलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर मुलगा घराचा व्यवहार पुरा करायला कऱ्हाडला गेला. इथे पाऊस आडवा पडत होता, मी चहा घेऊन लॅपटॉप उघडत होते, तर त्याचा व्हिडिओ कॉल.

"अगं, घरात एक गोरी बाई बसलीय!"

"काय?"

"गोरी बाई! माझ्या आईच्या घरात! चुलीपाशी! भाकरी थापतेय आणि मला म्हणते, बूट बाहेर! मराठीत! तू कुठे नेलं होतंस माझ्या आईला?"

मी चहाचा कप खाली ठेवला, तो टेबलावर न ठेवता हवेतच ठेवला. फुटला. त्याने फोन फिरवला. कऱ्हाडच्या घराची पुढची खोली, मागच्या भिंतीशी चूल. एका भिंतीवर ओळीने अडकित्ते, मोर, पोपट, घोडे. समोरच्या भिंतीवर गिरण्या. आणि मधे खाली बसलेली, पिठाने हात बरबटलेली, लाल स्वेटरऐवजी मावशींचं सुती लुगडं गुंडाळलेली ती बाई. तिने मला ओळखलं, पिठाचा हात हलवला. मला रडू येतंय की हसू, ते कळेना.

"थंडीपुरती आलीय म्हणते," तो म्हणाला. "तिकडचं घर मुलाने विकलं. अर्ध्या गिरण्या घेऊन आलीय. अगं, गल्लीतली पोरं रांग लावून बघून जातायत. आईने दाराला 'म्युझियम' अशी पाटी लावलीय!"

मागून मावशी फोनमध्ये डोकावल्या. जराही ओशाळलेल्या नाहीत. "बरी हाईस का पोरी? जेवलीस?"

तो वैतागून म्हणाला, "आई, तिचं जेवण राहू दे. तू मला सांग. एकटं वाटत होतं तुला, तर मला का नाही सांगितलंस? मी काही केलं नसतं का?"

"केलं आसतंस की. केलंच की तू." मावशींचा आवाज चढला नाही. त्यांनी मुलाच्या शर्टाची चुरगळलेली कॉलर नीट केली. "तू खोली बगितलीस. मी मानूस बगितलं."

फोन त्याच्या हातात खाली गेला, मला नुसती फरशी आणि त्याचे मोजे दिसत राहिले. मग त्याचा चेहरा परत आला. डोळे लाल.

"बाहेर गिऱ्हाईक येऊन उभं आहे," तो मला म्हणाला. "वकिलाला घेऊन."

"मग?"

"मग काय," तो म्हणाला. "चहा पाजतो त्यांना आणि घर द्यायचं नाही म्हणून सांगतो."